मी फक्त साक्षी

कशेळीला एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर, एसी हॉलमधल्या ध्यानशिबिरात, माझ्या नवऱ्याला आत्मज्ञान झालं. खाली खोकी चढत-उतरत होती आणि वर सुश्रुत स्वतःला शोधत होता. घरी आला तो एकच शब्द घेऊन. साक्षी.

दूध उतू गेलं तर म्हणे, "मी पाहत होतो. मी फक्त साक्षी आहे." शेगडी मी पुसायची. आमच्या लेकीला, अदितीला ताप भरला, तेव्हाही हा खुर्चीत बसून तिच्या तापाकडे साक्षीभावाने बघत राहिला. औषध मी आणलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे ठाऊक होतं, पण पाणी इतकं उथळ असेल असं वाटलं नव्हतं. कॉलेजातला हा साधा कारकून जिन्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ब्रह्म सांगू लागला की किळस येते. मला तरी आली.

मंगळवारी धामणकर नाक्याजवळ, आमच्या गॅलरीच्या अगदी खाली, एका गाडीने रिव्हर्स घेताना महमूदभाईंच्या स्कूटरला उडवलं. महमूदभाई आमचे शेजारी, लूम चालवतात. त्यांचा पाय मोडला. गाडी एका बड्या बिल्डरच्या पोराची. त्याने चौकीत सांगितलं, स्कूटरच चुकीच्या बाजूने घुसली. सुश्रुत तेव्हा गॅलरीत ध्यानाला बसला होता. त्याने सगळं पाहिलं आणि घरात येऊन मला जसंच्या तसं सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महमूदभाईंची बायको आबिदा हवालदाराला घेऊनच आमच्या दारात आली.

"सुश्रुतभाऊ, सकाळी जिन्यात मी विचारलं, तुम्ही पाहिलं काय? तर तुम्ही बोललात, मी साक्षी आहे. मी साहेबांना सांगितलं, चला, साक्षीदार आमच्याच बिल्डिंगमध्ये हाय."

सुश्रुतचा चेहरा पडला. "वहिनी, ते वेगळ्या अर्थाने. साक्षी म्हणजे साक्षीदार नव्हे. साक्षी कशातच पडत नाही."

"पाहिलं का न्हाय, तेवढं सांगा," हवालदार म्हणाला.

"मी... डोळे मिटून बसलो होतो."

"खोटं," मी म्हणाले. "मला गाडीचा रंगसुद्धा सांगितलास."

मग तो रडायला लागला. "मी घाबरतो गं. ती मोठी माणसं आहेत. मी भित्रा आहे, आयुष्यभर तेवढाच आहे." आणि डोळे पुसता पुसता चक्क हसला. "निवू, बघ ना, मला मी सापडलो!"

मला तो लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतच सापडला होता. त्यासाठी एसी हॉल लागला नव्हता.

"मग त्या सापडलेल्याला चपला घाल आणि चौकीवर ने," मी म्हणाले.

"आधी नुसता स्वीकार करायचा असतो," तो म्हणाला. "कृती पुढच्या शिबिरात शिकवतात."

हवालदार वैतागून जिना उतरू लागला. आबिदा मात्र तिथेच उभी.

"भाऊ, भीती मला पण वाटते," ती म्हणाली. "तरी मी आले ना?"

यावर त्याने डोळे मिटून घेतले. मला त्याची इतकी लाज वाटली, की मी तशीच आबिदासोबत चौकीवर गेले. मी काही पाहिलं नव्हतं, पण नवऱ्याने काय सांगितलं ते या कानांनी ऐकलं होतं. गाडीचा रंग, आरसाही न बघता घेतलेला रिव्हर्स, सगळं सांगितलं.

"आणि हे प्रत्यक्ष पाहिलं कुणी?" हवालदाराने विचारलं.

मी नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं, पत्त्यासकट.