न फाडलेला फॉर्म

मी एक जुना फॉर्म आहे, विद्यापीठाच्या जादा निवृत्ती बचतीचा. तोंडं वाकडी करू नका मित्रांनो. नाव रटाळ आहे, मलाही माहितीय. ते मी ठेवलेलं नाही.

जन्म विद्यापीठाच्याच छापखान्यात. एका दुपारी दोन हजार भावंडं धडाधड बाहेर पडलो. प्रत्येकाच्या पोटावर एक तुटक रेघ. वरचा भाग कर्मचाऱ्याने ठेवायचा, खालचा फाडून पगार विभागात द्यायचा. फाटायचं आणि कामाला लागायचं, एवढंच आमचं आयुष्य.

काम नीट ऐका, कारण कोणी ऐकत नाही. नोकरीला लागलं की पेन्शनसाठी पगारातून सक्तीची कपात होतेच. ती कोणी विचारून करत नाही. मी त्याच्यावरचा, ऐच्छिक. किती कापायचं ते तुम्ही ठरवायचं. जमलं तर वाढवा, ओढाताण झाली तर कमी करा, थांबवा. टॅक्स लागायच्या आधीच रक्कम कापतात, म्हणून आज टॅक्स कमी बसतो. तो म्हातारपणी पैसे काढताना भरायचा. मधल्या काळात पैसे गुंतवलेले असतात, कधी वर, कधी खाली, पण हाताशी वर्षं असली तर फुगतात. विद्यापीठ माझ्यात स्वतःचा छदामही घालत नाही. आणि तसंच मोठं संकट आल्याशिवाय निवृत्तीपर्यंत हात लावायचा नाही.

मला उचललं ग्रंथालयाच्या बाइंडरने. फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालणारा माणूस. त्याने मला घरी नेलं. बायको लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होती. पहाटेपासून उभी, पायांच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या.

"अगं, हे बघ. पेन्शनवर जादा मिळणार."

"किती वर्षं भरायचं?"

"निवृत्त होईपर्यंत. सतरा."

"आणि मग?"

"मग तू इस्त्री बंद करायची. लोकांचे शर्ट लोक बघतील."

"तोवर माझे पाय राहिले तर," ती म्हणाली. पण हसली. त्या हसण्यासाठी त्याने मला दोन्ही भागांत मोत्यासारख्या अक्षरात भरलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तुटक रेघेवर पोलादी पट्टी ठेवली. आणि थांबला. आयुष्यभर दुसऱ्यांनी फाडलेलं जोडत बसलेला माणूस तो, त्याचा हात कागद फाडायला उठेचना. शेवटी मला अख्खाच शिवलं, निळ्या कापडाचं कव्हर घातलं आणि पगार विभागात नेऊन दाखवलं.

तिथली मॅडम फोनवर होती. "भरलात ना काका? छान. अगं सगळ्या बघा गं, फॉर्म कसा नटवलाय." चार टेबलांवर माझं कौतुक फिरलं आणि मी परत त्याच्या हातात आलो. खालचा भाग कोणी मागितला नाही. सक्तीचं असतं तर दारापर्यंत मागे आले असते. ऐच्छिक म्हटल्यावर कोणाला काय पडलंय?

महिनाअखेरीस त्याने पगाराची चिठ्ठी जन्मात पहिल्यांदा वाचली. 'निवृत्ती कपात' अशी ओळ दिसली. "बघ, सुरू झाली." अहो, ती सक्तीची होती, पहिल्या पगारापासूनची. मला तोंड असतं तर त्याला तिथेच शिव्या घातल्या असत्या.

मग मी कपाटात. दरवर्षी विद्यापीठाची सूचना यायची, 'अजूनही सहभागी होऊ शकता.' तो ती वाचून फेकून द्यायचा. आपलं चालूच आहे म्हणायचा. एकदा बायकोने विचारलं, "शेजारी विद्यापीठाचा शिपाई राहतो, त्याच्याकडे बचत किती जमली त्याचं पत्रक येतं. आपल्याकडे कसं येत नाही?"

"त्याच्याकडे नुसती पत्रकं आहेत. आपलं पुस्तक आहे."

निवृत्तीच्या दिवशी तो मला काखेत घेऊन गेला. खिडकीवर आता एक चष्मेवाला कारकून होता.

"काका, तुमच्या नावाने खातंच नाहीये."

त्याने मला उघडलं. कारकुनाने तुटक रेघेवर बोट ठेवलं. "हा भाग इकडे यायला हवा होता."

"मी दाखवला होता."

"दाखवून काय होतं? द्यायचा असतो."

"मग आता घ्या. सगळं एकदम भरतो."

"आता पगारच संपला काका. कापणार कशातून?"

"मग माझे पैसे कुठे गेले?"

"कुठे जाणार? कापलेच नाहीत. दर महिन्याला पगारातच तुमच्या हातात आले. खर्च झाले असतील."

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. बायकोने इस्त्री उभी ठेवली, मला घेतलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. तो मान खाली घालून उभा.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," ती म्हणाली, आणि पुढचा शर्ट पसरला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझं एखादं भावंड असेल तर आईबाबांना आजच विचारा. दिलाय की नुसता भरलाय? शिक्क्याची पोच घेतली का? पगाराच्या चिठ्ठीत नवी ओळ आली का, की जुन्याच ओळीवर खूश आहात? ऐकत नसतील तर भांडा. मला जपू नका, माझी दया तर अजिबात नको. मी अजून नवा कोरा दिसतो. ती अजून इस्त्रीपाशी उभीच आहे.