रोजची हिरवी खूण

डेटाबेसमधल्या, रुग्णांच्या नोंदींचा बॅकअप घेणारा संगणकातला जॉब रोज सकाळी सातला आपोआप चालतो आणि तीन वर्षांत एकदाही फेल होत नाही? आमच्या हॉस्पिटलात लिफ्टसुद्धा आठवड्यातून दोनदा रुसते!

शेजारी बसणाऱ्या रिपोर्टवाल्या बाई म्हणाल्या, "स्क्रीनवर हिरवी खूण दिसतेय ना? मग कशाला उकरून काढताय?"

तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी जॉब उघडला. आत बॅकअपची आज्ञाच नव्हती. नुसतं 'यशस्वी' असं कळवणारी एक ओळ होती.

कुणाचे हे उपद्व्याप? बाईंकडे रोखून बघत मी बदलांची नोंद काढली.

नाव माझंच होतं. तीन वर्षांपूर्वीचा शेराही माझाच: "साहेबांना लाल खूण नको आहे. उद्या नीट करतो."