मधल्या भिंतीविषयी अभिप्राय

दीना गेली हे मला कळलं तेव्हा मी आमलेट खात होतो.

विमान मुंबईला उतरायला दीड तास होता. बाहेर ऊन होतं, केबिनमधले दिवे लागले होते, नाश्ता वाटून झाला होता. एअर होस्टेस दीनाच्या सीटपाशी उभी राहून मॅडम, मॅडम करत होती. मला वाटलं, गाढ झोप लागलीय, बरं झालं. लंडनला आमच्या मुलीच्या घरी तीन आठवडे तिला धड झोप नव्हती. मी चहा मागितला. चहा आला नाही. त्या होस्टेसने दुसरीला बोलावलं, दुसरीने एका साहेबाला बोलावलं, आणि तो साहेब माझ्याकडे वाकून इंग्रजीत म्हणाला, सर, तुम्ही या बाईंच्या सोबत आहात का?

सोबतच होतो. ती सहा ई, मी सहा एफ. मध्ये दोन फूट अंतर आणि एक भिंत.

विमानात एक डॉक्टर प्रवासी होता. त्याने तपासलं आणि सांगितलं, चार तास तरी झाले असतील. हृदय बंद पडलं. चार तास मी बाजूला झोपलो होतो, उठून तोंड धुऊन आलो होतो, आणि अर्धं आमलेट खाल्लं होतं.

आता ही भिंत काय ते सांगतो. विमान कंपनीने महागड्या वर्गाच्या सीट नव्या केल्या आहेत. पूर्वी मधल्या दोन सीट एकमेकींना लागून असायच्या, नवराबायको शेजारी बसायचे. आता प्रत्येकाला वेगळा कप्पा. कप्प्याला सरकतं दार, आणि दोन कप्प्यांमध्ये भिंत. सीट आडवी करून झोपलं की पलीकडचं माणूस दिसतच नाही. भिंतीवर वारली चित्रं काढलेली, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारी माणसं. जोडप्यांसाठी भिंत खाली घ्यायचं बटण आहे. आमचं चाललं नाही. मी सहा-सात वेळा दाबलं. होस्टेसने येऊन दाबलं. ती म्हणाली, नवीन सीट आहेत सर, अजून थोडं काम बाकी आहे, पुढच्या प्रवासात नक्की चालेल.

भिंतीपलीकडून दीना म्हणाली, "ऱ्हाऊ दे ओ. काय लागलं तर वाजवीन मी भिंतीवर. झोपा तुमी."

मी झोपलो. त्यांनी मोठे हेडफोन दिले होते, लावले की इंजिनाचा आवाजसुद्धा येत नाही. ते लावून झोपलो.

मी बेंजामिन आष्टमकर, राहणार रोहा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. रोह्यात आता आमची मोजकीच घरं उरली आहेत, बाकीचे सगळे इस्राएलला नाहीतर ठाण्याला. आमच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दीनाला माती द्यायला ते जमवायचे तर दोन पेणहून आले, तीन अलिबागहून, बाकीचे ठाण्याहून गाडी करून. मुलगी शीरा लंडनहून दुसऱ्या दिवशी पोचली. ती तिथे नर्स आहे. तिकिटं तिनेच काढली होती. आईचे पाय सुजतात, तिला पाय लांब करून झोपता आलं पाहिजे, म्हणून हट्टाने नव्या सीटची काढली. आमच्या रीतीप्रमाणे सात दिवस आम्ही घरात बसलो. जो येईल त्याला शीरा एकच सांगत होती, आई झोपेत गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही. आणि मग माझ्याकडे बघायची. मी व्हय म्हणायचो.

तिसऱ्या दिवशी माझ्या फोनवर कंपनीचा मेल आला. आमची नवी सीट कशी वाटली, आपला अभिप्राय मोलाचा आहे. थोड्या वेळाने तोच मेल पुन्हा आला. त्यावर दीनाचं नाव होतं. शीराने दोन्ही तिकिटांना माझाच पत्ता दिला होता.

शीरा परत गेल्यावर मी विचार करायला मोकळा झालो. धाटावला एका केमिकल कंपनीत मी एकतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली आहेत. प्लांटमध्ये कुठे काही झालं की पॅनेलवर दिवा लागतो. दिवा लागला की वेळेसकट नोंद होते. ऑपरेटर झोपला असेल, शिफ्ट बदलत असेल, कोणाचं लक्ष नसेल, तरी नोंद होते. विमानात प्रत्येक सीटला माणूस बोलवायचं बटण असतं. ते दाबलं की दिवा लागतो. तेव्हा दीनाने ते दाबलं की नाही, आणि दाबलं तर किती वाजता, हे कुठेतरी लिहिलेलं असणार. भिंतीवर वाजवल्याची नोंद कुठे होत नाही. बटणाची होते. मला तेवढंच पाहिजे होतं. नुकसानभरपाई नको, माफी नको.

कंपनीच्या नंबरवर फोन केला. आधी एक दाबा, दोन दाबा. मग एक मुलगी आली. तिने ऐकून घेतलं असं वाटलं. ती म्हणाली, सीटबद्दलचं सगळं अभिप्रायाच्या फॉर्मवरच घेतलं जातं, फॉर्म भरला की नंबर मिळतो, नंबर मिळाला की पुढचं. मी म्हटलं, हे सीटबद्दल नाय. ती म्हणाली, सर, सीट नंबर सांगताय म्हणजे सीटबद्दलच ना?

फॉर्म उघडला तर आधी बाकीच्यांचे अभिप्राय. दोनशेच्या वर. मी अडखळत वाचत बसलो. पाय ठेवायची जागा निमुळती आहे. उशी पातळ आहे. दार लावलं की जगात आपण एकटे, पाच तारे. चप्पल ठेवायला कप्पा नाही, तीन तारे. एका बाईने लिहिलं होतं, नवरा अख्खा प्रवास घोरला असणार, पण मला पत्ता लागला नाही, ही भिंत घरी बसवून मिळेल का? पाच तारे, आणि त्याखाली सत्तर जणांनी पसंतीचे अंगठे दिले होते. एकाने लिहिलं होतं, भिंत खाली घ्यायचं बटण आमच्याही वेळी चाललं नाही. त्याला कंपनीचं उत्तर होतं, आपल्या एकांताचा आनंद घेतल्याबद्दल आभार. मी फोन आपटणार होतो. शीराने दिलेला म्हणून आपटला नाही.

फॉर्म इंग्रजीत. मला प्लांटचं इंग्रजी येतं, वाक्यं जुळवता येत नाहीत. शीराला सांगितलं असतं तर तिने पाच मिनिटांत लिहिलं असतं. पण तिला हे विचारायचं म्हणजे, तुझी आई झोपेत गेली की नाही हे मला ठाऊक नाही, असं सांगायचं. म्हणून मी एसटीने पेणला गेलो, हेमांगीकडे.

हेमांगी आमच्या आळीत वाढलेली. दीना बालवाडी चालवायची, त्यात ती होती. लग्न होऊन पेणला गेली आणि आता तिथे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. एका बाजूला गणपतीचा कारखाना, दारापर्यंत मूर्ती वाळत ठेवलेल्या, त्यातून वाट काढत आत जायचं. दुकानात नेहमी दाखल्यांची रांग. मी बोललो तसं तिने मराठीत टाइप केलं, मोबाइलकडून इंग्रजी करून घेतलं आणि फॉर्मवर चिकटवलं. वाचायला तिला वेळ नव्हता. मी सांगितलं होतं ते एवढंच, की माझी बायको सहा ई वर होती, मध्ये भिंत होती, ती गेली आणि मला कळलं नाही, तिने बटण दाबलं होतं का ते सांगा.

आठ दिवसांनी उत्तर आलं, दुकानाच्या मेलवर. हेमांगीनेच फोनवर मराठी करून वाचून दाखवलं. आपल्या पत्नी आपल्याला न सांगता गेल्या याचा आम्हाला खेद आहे. सुरक्षेसाठी प्रवाशांनी दिलेल्या सीटवरच बसावं. पुढच्या वेळी आधीच एकत्र सीट निवडल्यास असा दुरावा टाळता येईल. आपणा दोघांचं पुन्हा स्वागत करायला आम्ही उत्सुक आहोत.

मी विचारलं, गेल्या म्हणजे कुठे गेल्या? विमानातून माणूस जाणार कुठे? हेमांगी म्हणाली, काका, चूक माझी, मोबाइलला आपलं गेली कळत नाही, त्याला वाटलं उठून गेली. पुढच्या गुरुवारी या, नीट शब्द घालते.

गुरुवारी गेलो. नीट शब्द कोणता यावर दहा मिनिटं गेली. निधन पावली म्हणायला मी तयार नव्हतो. निधन पेपरात होतं, पुढाऱ्यांचं होतं. दीनाने आयुष्यात तो शब्द कोणासाठी वापरला नव्हता. तिची आई वारली, माझा भाऊ वारला, आम्ही असंच बोललो. मी म्हटलं, वारली लिही. हेमांगीनेही मान डोलावली, तिच्याही घरात तोच शब्द. तिने लिहिलं, माझी बायको सहा ई वर वारली. पुन्हा मोबाइलने इंग्रजी केलं, पुन्हा रांगेतला माणूस घाई करत होता, पुन्हा न वाचता पाठवलं.

या वेळी उत्तर दोनच दिवसांत आलं. लांबलचक होतं. मी मुद्दाम पेणला गेलो, फोनवर ऐकायचं नव्हतं. हेमांगी पडद्याकडे बघून एकेक वाक्य मराठीत सांगू लागली.

"आपल्या पत्नी वारली आहेत हे वाचून आम्हाला अतिशय आनंद झाला."

तिथे ती थांबली. तिने तोंडावर हात धरला.

"पुढं वाच," मी म्हटलं.

"नको काका."

"वाच गो."

तिने वाचलं. नव्या केबिनच्या भिंतींवरची चित्रं ही आपल्या पत्नींच्या समाजाला आमची मानवंदना आहे. त्यांना ती कशी वाटली हे कळवल्यास आम्ही आमच्या मासिकात छापू. शक्य असल्यास त्यांचा एक फोटो पाठवावा.

मला हसू आलं. कुठून आलं माहीत नाही, पण आलं आणि थांबेना. हेमांगी रडत होती, तिलाही हसू फुटलं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, कसला फॉर्म हाय वो, आमाला पण द्या. मग मी पाणी प्यायलो. ज्याने हे उत्तर लिहिलं तो समोर असता तर काय केलं असतं ते लिहीत नाही.

हेमांगीने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. रांगेला सांगितलं, अर्ध्या तासाने या. खुर्ची पुढे घेतली आणि म्हणाली, मोबाइल नको आता, मी स्वतः लिहिते, मला तेवढं इंग्रजी येतं, मीच आळस केला. मी म्हटलं, इंग्रजीतला शब्द मला ठाऊक हाय. प्लांटमध्ये बंद पडलेल्या लाइनला आम्ही डेड म्हणायचो. ती म्हणाली, तसाच आहे, पण माणसाला जरा वेगळा लावतात.

तिने सावकाश लिहिलं. मग एकेका शब्दाचा अर्थ सांगत वाचून दाखवलं. अमुक तारखेच्या विमानात सहा ई वर माझ्या पत्नीचा मृत्यू झाला. मी सहा एफ वर होतो. मधली भिंत खाली येत नव्हती. तिने मदतीचं बटण दाबलं होतं का, दाबलं असेल तर किती वाजता, आणि कोणी आलं होतं का, हे नोंद बघून कळवावं. यात कोणालाही दुसरा अर्थ काढता आला नसता. विमानाची माहितगार माणसं सोडा, त्या म्हातारीलाही समजलं असतं.

खाली तारे भरायचे होते. तारे दिल्याशिवाय फॉर्म जात नाही. हेमांगीने एक तारा भरला आणि बोट बटणावर ठेवलं.

"काका, पाठवू?"

मी तिच्या बोटाकडे बघत होतो. इतके दिवस मी विचारत होतो आणि कोणाला कळत नव्हतं. मी चिडत होतो, एसटीत बसत होतो, पुन्हा विचारत होतो. आता त्यांना कळणार होतं. आता कोणीतरी नोंद काढणार आणि वेळ कळवणार. दाबलंच नव्हतं असं आलं, तर तिने भिंतीवर वाजवलं असेल, ती वाजवीन म्हणाली होती आणि तिने शब्द पाळला असेल, आणि माझ्या कानांवर हेडफोन होते. दाबलं होतं असं आलं, तर ते शीराला सांगायचं की नाही हे मला ठरवावं लागेल. शीराचा रोज फोन येतो. रोज ती एकदा तरी म्हणते, निदान आईला काही कळलं नाही ना पप्पा. आणि मी व्हय म्हणतो.

मी म्हटलं, "थांब जरा."

तिने बोट उचललं. फॉर्म ठेवून देता येतो म्हणाली, तिने तसा ठेवला. मी सांगितलं, गुरुवारी येतो. ती म्हणाली, महिनाअखेरपर्यंत चालतो, मग बंद होतो.

त्यानंतर दोन गुरुवार गेले. एका गुरुवारी मी स्टँडवर जाऊन पेणच्या गाडीत बसलो आणि अर्ध्या वाटेत नागोठण्याला उतरून परत आलो. कंपनीचे मेल येतच आहेत, आपला अभिप्राय अपूर्ण आहे, पूर्ण करायला फक्त एक मिनिट लागेल. काल एक माझ्या नावाने आला आणि एक दीनाच्या. महिना संपायला सहा दिवस आहेत. फॉर्म अजून पाठवायचा आहे.