मोगरीखालचा हात

"कांडिते गं नवं भात, पहिली मूठ देवाला,
दुसरी मूठ राखिते गं, वाटेवरच्या जीवाला…"

सासूबाईंचा आवाज. चाळीस वर्षांपूर्वी भोरकडच्या घरात, मुसळाच्या ठेक्यावर ऐकलेला. तो सुरेखाताईंना आज व्हँकुव्हरमधल्या जपानी मंदिराच्या आवारात भर दुपारी आठवला, कारण समोर उखळच होतं. ओंडका कोरून केलेलं, चांगलं मांडीएवढ्या उंचीचं.

शेजारच्या हमादाबाईंनी सुगीच्या उत्सवाला आग्रहानं बोलावलं होतं. दारावर भाताच्या लोंब्या टांगलेल्या, आपल्याकडे नवं बांधतात तशाच. देवापुढे नव्या तांदळाची रास. सुरेखाताईंनी हात जोडले आणि त्यांना पुढचं दिसेना.

गेल्या वर्षी याच दिवसांत त्या सुनेच्या बाळंतपणाला इथं होत्या, आणि हे मळणीसाठी गावी थांबले होते. खळ्यावरच कोसळले, ते उठलेच नाहीत.

"काकानं वेळेत गाडी काढली असती तर बाबा आज असते," हे त्यांच्या मुलाचं, पुष्करचं, तेव्हापासूनचं पालुपद. उल्हासकाकांशी त्यानं बोलणंच टाकलं होतं. आज सकाळी त्यांचा मेसेज आला: दादाचं वर्षश्राद्ध पुढच्या गुरुवारी, येशील का रे बाळा? पुष्करनं वाचला आणि डिलीट केला. सुरेखाताई तिथंच चहा गाळत उभ्या होत्या. भावजींचा यात काडीचाही दोष नाही, हे जगात एकट्या त्यांना ठाऊक होतं. एक वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि त्यांनी साखरेचा डबा उघडला.

"आई, हमादाबाई म्हणतायत, तू हात घाल. मी मोगरी मारतो," पुष्कर बाह्या सरसावत म्हणाला.

"अरे, मला कुठं जमतंय आता!"

"रिलॅक्स गं. भाकरी थापतेस ना? मग!"

उखळात वाफाळता चिकट भात होता. एकानं लाकडी मोगरी हाणायची, आणि ती वर गेली की दुसऱ्यानं ओल्या हातानं गोळा उलटायचा. प्रत्येक वेळी दोघांनीही हाक द्यायची. ऐंशीच्या हमादाबाई इंग्रजीत काही सांगत होत्या. पुष्कर हसला.

"त्या म्हणतायत, तीस वर्षं नवऱ्याच्या मोगरीखाली हात घातला. घरी भांडलो, अबोले धरले, पण उखळापाशी गप्प राहिलो नाही. म्हणून बोटं शाबूत आहेत."

"योइशो!" पुष्कर ओरडला. धप्प.

"हो!" सुरेखाताईंनी गोळा उलटला.

"योइशो!"

"हो!"

ठेका जमला. पोरंबाळं टाळ्या वाजवू लागली. गोळा मऊ होत गेला, लोण्यासारखा. पुष्करच्या कपाळावर घाम आला होता. मोगरी उचलताना खालचा ओठ दातांत धरायची त्याची लकब… अगदी ह्यांचीच. खळ्यावर पेंढी झोडताना हे असेच दिसायचे.

सुरेखाताईंचा हात गोळ्यावरच राहिला. हाक निघालीच नाही.

"आई!"

मोगरी उखळाच्या काठावर आदळली. लाकडाचा टवका उडाला. पुष्कर पांढराफटक पडला होता.

"अगं, हात! आवाज दे ना! तू बोललीच नाहीस तर मला कळणार कसं?"

हमादाबाईंनी धावत येऊन त्यांची बोटं एकेक करून चाचपली. कुठं लागलं नव्हतं. तरी सुरेखाताई तशाच वाकलेल्या, मनगटापर्यंत भातात.

"दुखतंय का? फर्स्ट एड आणू?"

"नको. पुष्कर, गावी फोन लाव. भावजींना."

"काय? आत्ता? आणि त्याला का?"

"त्यांना काहीच माहीत नव्हतं रे. त्या सकाळी ह्यांनी मला फोन केला होता. छातीत जड वाटतंय, उल्हासला गाडी काढायला सांगू का, म्हणाले. मीच म्हटलं, पित्त असेल, ऐन मळणीत त्याला कुठं पळवता."