सात-चाळीसच्या गाडीतलं घर

राघवेंद्रची बदली नांदेडला झाली. तीन वर्षं विनंती अर्ज, स्मरणपत्र आणि स्मरणपत्राचं स्मरणपत्र पाठवल्यावर एकदाची झाली, तीही घरापासून स्कूटरनं सहा मिनिटांवर.

तर अशी काही बदली झालेलीच नाही. आदेशाचा लिफाफा कंधारच्या ऑफिसात आला तेव्हा आवक टेबलावर खुद्द राघवेंद्रच बसला होता. त्यानं तो फोडला, वाचला, डिंकानं पुन्हा चिकटवला आणि डब्याच्या पिशवीत तळाशी घातला. रजिस्टरला नोंद नाही म्हणजे टपाल नाही, टपाल नाही म्हणजे बदली नाही. आपणही तसंच धरून चालू.

फक्त आदेशात ‘सात दिवसांत रुजू व्हावे’ असं लिहिलं होतं, आणि दिवस काही नोंदीसाठी थांबत नव्हते.

नांदेड–कंधार अपडाउन म्हणजे सकाळी सात-चाळीसची लाल गाडी. ऐंशी मिनिटं जायला, ऐंशी यायला. कागदोपत्री मात्र ही मिनिटं नव्हतीच. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं असा नियम, म्हणून राघवेंद्र कागदावर कंधारातच राहायचा, घरमालक पंचाक्षरी आप्पांच्या वाड्यामागच्या खोलीत. त्या एका खोलीत त्याच्यासकट अकरा कर्मचारी राहत. प्रत्यक्षात तिथं कडबा राहायचा. मध्ये एकदा टॅब घेऊन पाहणीवाली बाई ऑफिसात आली.

“घरून कामावर यायला किती वेळ लागतो?”

“चार मिनिटं.”

“कशानं येता?”

“पायी.”

बाईनं ते मन लावून भरलं आणि जाता जाता म्हणाली, “उद्या सीट धरा ना माझ्यासाठी. तुम्ही लवकर चढता.”

आता जो वेळ सरकारदरबारी नाहीच, त्यात काय घडावं याला नियम तरी कोण लावणार?

विष्णुपुरी मागं पडली की गाडीला लय यायची. काचा एका सुरात वाजायच्या, दोन्हीकडची ज्वारी हळूहळू मागं सरकायची, आणि अपडाउनवाले एकेक करून माना टाकायचे. झोप लागली की सगळे एकाच घरात जायचे.

दोन खोल्या, ओसरी, पत्र्याचं छत. चुलीवर चहा असायचा आणि तो कितीही ओतला तरी कमी व्हायचा नाही. भिंतींना पहाटेचा रंग होता, म्हणजे नेमका कुठला ते उठल्यावर कुणालाच सांगता यायचं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. त्या रस्त्यावरून एक लाल गाडी आवाज न करता जायची, आणि तिच्या खिडक्यांना डोकी टेकून हीच मंडळी झोपलेली दिसायची. राघवेंद्र कधी कधी स्वतःला हात करायचा. आतला कधी उठला नाही.

हे स्वप्न आपल्या एकट्याचं आहे असं त्याला वर्षभर वाटत होतं. त्यात प्रमोदिनी मॅडम असायच्या, म्हणून तर तसंच वाटायचं. त्या कंधारला शाळेत गणित शिकवायच्या, गाडीत त्याच्या दोन सीट पुढं बसायच्या. दोघंही बिनलग्नाची, आणि जागेपणी बोलणं ‘खिडकी लावता का’ एवढंच. स्वप्नात मात्र त्या ओसरीवर वह्या तपासत बसायच्या, आणि त्यांनी हात लावला की गणितं आपोआप बरोबर यायची. मग तीन महिन्यांपूर्वी कंधारच्या स्टँडवर उतरताना त्या इकडंतिकडं न बघता म्हणाल्या, “दार उघडंच ठेवून आलात तुम्ही. कुत्रं शिरेल.”

त्या दिवशी राघवेंद्रनं आवकची सगळी टपालं जावकमध्ये चढवली.

तेव्हापासून त्याला त्यांना एकच विचारायचं होतं. रोज घरात शिरायचा, चहा ओतायचा, “एक विचारू?” म्हणायचा. त्या “विचारा की” म्हणायच्या, आणि नेमका लोह्याचा गतिरोधक यायचा. गाडी आदळायची, घर विझायचं. जागं झाल्यावर विचारणं शक्य नव्हतं. प्रश्न ज्या ठिकाणाहून निघाला, उत्तर त्याच ठिकाणी यायला हवं, हा पत्रव्यवहाराचा साधा नियम. आणि स्कूटरवर सहा मिनिटांत झोप लागत नाही. लागली, तर एकदाच लागते.

सहावा दिवस उजाडला. सोनखेडला केवळाबाई मेथीची पाटी घेऊन चढली आणि चढल्या चढल्या तिनं राघवेंद्रला धरलं.

“सायेब, काल चपला घालून आत आलाव न्हवं? म्या सारवलेलं हाय तिथं.”

“चुकलं, मावशी.”

कंडक्टर माणिकप्पा तिकीट फाडायचं मशीन हातात धरून उभाच राहिला. “कुठं सारवलंव मावशी? काय बोलून राहिल्या तुमी?”

“तुला न्हाई कळायचं. तू जागा असतूस.”

“आमाला डुलकी बंद हाय, सस्पेंड करतेत,” माणिकप्पा कळवळून म्हणाला. “पर तुमी समदे झोपंत एकाच टायमाला हसताव. लई भ्या वाटतं मला.”

केवळाबाई पाटीवर हात ठेवून झोपलीसुद्धा होती. राघवेंद्रही गेला. चपला बाहेर काढल्या, दार लावून घेतलं.

“माझी बदली झाली,” तो म्हणाला. “नांदेडला. उद्या शेवटचा दिवस.”

प्रमोदिनी मॅडमनी वही मिटली. “नोंद केलीत?”

“नाही.”

“मग झाली कशी म्हणता?”

“तुम्हाला सांगितलं ना. हीच नोंद.”

ओसरीवरची केवळाबाई फिसकन हसली, मागून सगळं घर हसलं. लांब कुठंतरी माणिकप्पाच्या हातून मशीन पडल्याचा आवाज आला. प्रमोदिनी मॅडम हसल्या नाहीत. त्या खिडकीशी गेल्या. बाहेर लाल गाडी लोह्याच्या दिशेनं निघाली होती.

“लवकर विचारा,” त्या म्हणाल्या. “आज हिला फार घाई दिसते.”

“जागेपणी पण असंच एका घरात राहायचं का आपण?”

त्या वळल्या. तोंड उघडलं. गाडी आदळली.

लोहा. चहावाल्यांचा गलका, कुणाची तरी पिशवी कुणाच्या तरी डोक्यावर. दोन सीट पुढं प्रमोदिनी मॅडम ताठ बसून बाहेर बघत होत्या. मागून त्यांचे कान तेवढे दिसत होते, लालबुंद. राघवेंद्रनं डब्याच्या पिशवीतून लिफाफा काढला, आदेशाची कोरी बाजू गुडघ्यावर पसरली, आणि कंधार येईपर्यंत धक्क्याधक्क्यानं लिहीत गेला:

*प्रति, मा. सक्षम प्राधिकारी.*

*विषय: मुख्यालय निश्चित करून मिळणेबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा नांदेड येथे केवळ झोपतो व कंधार येथे केवळ सही करतो. अर्जदाराचे प्रत्यक्ष वास्तव्य सात-चाळीसच्या गाडीत, सीट क्रमांक एकवीस येथे आहे. सबब सदर सीट हेच अर्जदाराचे मुख्यालय घोषित करून बदली रद्द करावी. तसेच लोहा येथील गतिरोधक पाच मिनिटे पुढे सरकवण्यास विशेष बाब म्हणून मंजुरी देण्यात यावी, कारण अर्जदाराच्या एका प्रश्नाचे उत्तर अद्याप अप्राप्त आहे.*