नऊ इंचांची फट

"आता बाहेर काढा," आदेश म्हणाला, आणि सुमतीबाईंनी दुसऱ्यांदा जिना उचलून घराबाहेर ठेवला.

स्क्रीनवर ते एका क्लिकचं काम होतं. हॉलच्या कोपऱ्यातला जिना निवडायचा, ओढत अंगणात आणायचा, सोडायचा. पुढचं काम अर्ध्या दिवसाचं. छतात राहिलेलं भोक बुजवायचं, वरच्या मजल्याला नवं दार द्यायचं, वळणावरचं लँडिंग पुन्हा बसवायचं, कठड्याचे तुटलेले तुकडे जोडायचे. शिवाय सॉफ्टवेअर आपल्या मनाने बावीस पायऱ्या काढी. त्यांच्याकडे येणारं कोणी सम पायऱ्यांचा जिना बांधत नसे. सुमतीबाईंनी न विचारताच तेवीस केल्या. पायरीची उंची साडेसहा इंचांवर आली. गुडघ्यांना बरी.

अठ्ठावीस वर्षं त्या वर्ध्याच्या या एकाच ऑफिसात दुसऱ्यांची घरं काढत होत्या. आधी प्रभाकररावांच्या हाताखाली, बोर्डावर, शाईने. प्रभाकरराव वारले, मग त्यांच्या मुलाच्या, साकेतच्या हाताखाली, कॉम्प्युटरवर. सही तेव्हा प्रभाकररावांची असे, आता साकेतची.

ही मंडळी सिंदीची. नालवाडीत प्लॉट घेतलेला. आदेश बँकेत, त्याची बायको अंकिता दवाखान्याच्या लॅबमध्ये. आदेशचे वडील रूपराव गेल्यापासून आई नलूबाई गावी एकटी होती. खाली आई राहणार, वर हे दोघं. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. अडलं होतं ते जिन्यावर. पहिल्या भेटीत तो हॉलमधून होता. मग आदेशचा फोन आला, बाहेरून घ्या. मग आईने काही म्हटलं असावं, पुन्हा आत. आज तिघं सोबतच आली होती.

अंकिता मोकळेपणाने बोलली. सासूबद्दल तिची तक्रार नव्हती. "आई वाईट नाईत, मॅडम. पन घरात पाय ठेवला का कुठं गेलती, काऊन उशीर झाला, पिशवीत काय हाय. मले रोज हाजरी नाई द्यायची." तिला कठडाही भिंतीचा हवा होता, चांगला चार फुटी. पाइपचा नको, पाइपातून सगळं दिसतं.

नलूबाई टेबलाखाली बघत होत्या. तिथे सुमतीबाईंनी सवयीने चपलांतून पाय बाहेर काढून ठेवले होते.

आदेशला फोन आला म्हणून ती दोघं बाहेर गेली, तेव्हा नलूबाई म्हणाल्या, "पाय सुजून राह्यले तुमचे."

"बसून बसून होतं."

"मीठ टाकून कोमट पान्यात ठेवत जा." मग म्हणाल्या, "बाहेर तं बाहेर. मी नाई म्हनत नाई. पन मले समजन कसं, घरी आले का नाई ते?"

फोन करतील की, असं सुमतीबाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांना ते खरं वाटलं नाही.

"वरच्या माळ्यावरून खाली कोन फोन करते, बाई? मले इचारायचं नाई काही. आले, एवढं समजलं का झालं माहं."

दोघं परत आली. नलूबाई पदर सावरून उठल्या.

दुपारी ऑफिसात पंखा तेवढा फिरत होता. सुमतीबाईंनी चार फुटी कठडा उभा केला, प्लास्टरचा रंग दिला. मग काम झालेलं असताना त्यांनी एक जास्तीची गोष्ट केली. पाहणाऱ्याची जागा स्वयंपाकघरात, खिडकीशी नेली. सॉफ्टवेअर डोळ्यांची उंची साडेपाच फूट धरतं; त्यांनी ती नलूबाईंच्या बेताने चार फूट चार इंच केली. समोर, भांडी घासायच्या अंगणापलीकडे, वर लँडिंग. त्यावर त्यांनी तयार पुतळ्यांतली एक बाई उभी केली.

खालच्या खिडकीतून नुसती भिंत दिसली.

त्यांचाही जिना असाच होता. बारा वर्षांपासून त्या एका घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होत्या. जिना बाहेरून, कठडा सिमेंटचा. पहिली काही वर्षं ते फार सुखाचं वाटलं. कधीही या, कधीही जा. मग मागच्या साली ताप आला. दोन दिवस त्या खाली उतरल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उतरल्या तेव्हा घरमालकीण तुळशीला पाणी घालत होती. आज सुटी का, म्हणाली.

कठड्याच्या मापांत तळाच्या उंचीचा एक रकाना असतो. तिथे शून्य होतं. सुमतीबाईंनी नऊ लिहिलं. भिंतीचा तळ पायऱ्यांपासून नऊ इंच वर उचलला गेला, आखूड पाइपांवर टेकला. खिडकीतून आता फटीत दोन पाय दिसत होते. घोट्यापर्यंत. वर काही नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाता जाता अंकिता एकटीच पाहायला आली. फटीतून पावसाचं पाणी निघून जाईल, झाडायला सोपं, कठडाही हलका होईल, असं सुमतीबाईंनी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. अंकिताने मॉडेल चहूबाजूंनी फिरवायला लावलं. मग विचारलं, "स्वयंपाकघरातून काय दिसते?"

सुमतीबाईंनी दाखवलं.

तिने स्क्रीनवरच्या फटीवर बोट ठेवलं. "पायच ना? तोंड नाई?"

"तोंड नाही. पिशवीपण नाही."

"राहू द्या मंग," अंकिता म्हणाली. पर्स खांद्याला लावून दाराशी गेली, वळली. "पन घरच्यायले पान्याचंच सांगजा."

दहा महिन्यांनी साकेतने सुमतीबाईंना नालवाडीला धाडलं. गच्चीच्या रेलिंगचं माप राहिलं होतं. आदेश-अंकिता कामावर होते. फाटक उघडंच होतं, म्हणून त्या सरळ चढू लागल्या. गवंड्याने फट ठेवली होती, कुठे आठ इंच, कुठे साडेनऊ. अकराव्या पायरीनंतर लँडिंग आलं आणि त्यांना दम लागला. कठड्याला हात टेकून त्या उभ्या राहिल्या.

अंगणापलीकडून खिडकीतून आवाज आला.

"सुमतीबाई व्हय?"

कठडा खांद्यापर्यंत होता, खिडकी बरीच खाली. पलीकडून तोंड दिसायचा प्रश्नच नव्हता.

"सूज नाई उतरली अजून. मीठ टाकलंच नसन." आत कपबशीचा आवाज झाला. "वर घाई नाई कोनाले. बसा जराशा, च्या मांडतो."

सुमतीबाईंनी टेप बाजूला ठेवला आणि त्या लँडिंगवरच बसल्या. चपला काढल्या. पाय फटीपाशी होते. त्यांनी ते मागे घेतले नाहीत.