आधी शाळा बघायची

मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. शिक्षण खात्यानं रोखठोक सांगितलं होतं, खुर्ची रिकामी राहिली तर शाळेला कुलूप. मग पोरं कुठं जाणार? हमरस्त्यापलीकडं दुसरी शाळा आहे म्हणे! पहिलीतली चिमुरडी ट्रकांमधून वाट काढत जातील, खात्याच्या बापाचं काय जातंय?

म्हणून बाईंनी सगळा जीव ओतला होता तो शिकाऊ मुख्याध्यापिकेवर. प्रशिक्षण केंद्रानं तिला वर्षभर त्यांच्या हाताखाली दिलं होतं. पोरगी चुणचुणीत. शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात तिला ‘धाकट्या बाई’ करून टाकलं.

मोठ्या बाईंनी तिच्यापासून काही म्हणजे काही लपवलं नाही. गळकं छत दाखवलं, तिसरीच्या वर्गातला भेगाळलेला खांब दाखवला. कोणते सर दुपारी डुलक्या काढतात, कोणाचा बाप पिऊन फाटकाशी तमाशा करतो, तेही सांगितलं. “आधी शाळा बघायची, मग तोंड उघडायचं,” हे त्यांचं पालुपद. पोरीनं एखादी नवी खोट हुडकली की खूश होऊन म्हणायच्या, “शाब्बास!”

“अगं, गिऱ्हाईकाला कोणी किडके दाणे आधी दाखवतं का?” बाईंचा नवरा हसायचा.

“ती गिऱ्हाईक नाही, माझ्यामागं घर सांभाळणारी आहे,” बाई फणकारायच्या.

शाळा निवडायच्या दिवशी केंद्राच्या गुणवत्ता यादीत धाकट्या बाई पहिल्या आल्या. पहिल्या नंबराला हवी ती शाळा मिळते. मागच्या रांगेत बाईंचे डोळे भरून आले होते. पोरगी उठली आणि तिनं टेकडीवरची नवीकोरी शाळा मागितली. बाकीच्या शिकाऊंनी तर बाईंच्या शाळेकडं ढुंकूनही बघितलं नाही.

जिन्यात बाईंनी तिला गाठलं. “का गं?”

पोरगी रडत होती, आणि ते रडणं खोटं नव्हतं. “बाई, तुम्हीच शिकवलंत, आधी शाळा बघायची. मी बघितली. ती माझ्यानं नाही हो चालणार. कोणाच्यानंच नाही.”

“शाब्बास,” बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मग त्या तिथंच पायरीवर बसल्या.

शाळेत सगळे शिक्षक वाट बघत उभे होते.

“उद्यापासून प्रार्थना राहू दे,” त्या म्हणाल्या. “पोरांना रस्ता ओलांडायला शिकवू या.”